पणजीतला दोन दिवसांचा ॲलर्जी कोर्स: फी भरण्याआधी वाचा

शनिवार-रविवार, पणजीतलं हॉटेल, प्रिक टेस्टचं (त्वचेला टोचून ॲलर्जी तपासण्याचं) किट फीमध्येच आणि शेवटी सर्टिफिकेट. गोव्यातल्या जीपी (फॅमिली डॉक्टर) मंडळींच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या या जाहिराती ओळखीच्या आहेत. आयोजकांचं नाव देत नाही, कारण बहुतेक कोर्सेसचा साचा हाच असतो.

जमेची बाजू मोठी आहे: प्रिक टेस्ट इथे खरोखर हातात बसते. मनगटापासून ५ सेंमी आणि कोपराच्या घडीपासून ३ सेंमी जागा सोडायची, ॲलर्जी करणाऱ्या पदार्थांच्या अर्कांच्या दोन थेंबांत किमान २ सेंमी अंतर ठेवायचं, १ मिमी टोकाचं लॅन्सेट (छोटी टोचणी) थेंबातून सरळ टेकवून सेकंदभर दाबायचं. रक्त दिसलं म्हणजे टोक खोल गेलं. प्रत्येक अर्काला नवं लॅन्सेट. थेंब पुसताना एकच कापूस हातभर फिरवला की शेजारचे अर्क मिसळतात आणि नको तिथे गांध उठते. शिकवणारे ही चूक मुद्दाम होऊ देतात, मग हात धरून दाखवतात. गांधीची कड पेनने आखून, सेलोटेपवर उचलून केसपेपरला चिकटवायची सवयही लावतात. १५ ते २० मिनिटांनी मोजायचं, गांध निगेटिव्ह कंट्रोलपेक्षा (नुसत्या मिठाच्या पाण्याच्या थेंबापेक्षा) किमान ३ मिमी मोठी असेल तरच पॉझिटिव्ह. एरवी हमखास गांध उठवणारा हिस्टामिनचा थेंबच उठला नाही तर अख्खी टेस्ट रद्द.

हिस्टामिनचा थेंब का उठत नाही, यावर मात्र घाईघाईत एकच स्लाइड. सेटिरिझिनसारखी अँटिहिस्टामिन (ॲलर्जी दाबणारी) औषधं टेस्टआधी सात दिवस बंद हवीत, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सर्दीच्या तयार गोळीत अँटिहिस्टामिन असतं, ते पेशंट औषध म्हणून मोजतच नाही. झोपेसाठी किंवा पाठदुखीसाठी चाललेली ॲमिट्रिप्टिलीनही गांध दाबते. ती थांबवायची तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. उलट माँटेलुकास्ट किंवा दम्याचा पंप बंद करायची गरज नसते, तरी लोक बंद करतात आणि धाप लागून येतात.

किट हा कोर्सचा सर्वांत कच्चा भाग. परागांची लांबलचक यादी, धुळीतल्या माइट्सपैकी (सूक्ष्म किड्यांपैकी) मात्र डर्मॅटोफॅगॉइड्सच्या दोनच जाती. आपल्या दमट हवेत ब्लोमिया ट्रॉपिकॅलिस हा माइट नसलेलं पॅनेल घेऊन बसणं म्हणजे अर्धीच तपासणी. शिवाय अर्क २ ते ८ अंशांत राहायला हवेत. रविवारी संध्याकाळी बर्फाच्या पॅकशिवाय हातात दिलेलं किट काणकोणला पोचेपर्यंत गाडीत गरम होतं. नंतर दवाखान्यात टेस्ट निगेटिव्ह येत राहतात आणि दोष आपल्या हाताला जातो.

सुंगटांचा (कोळंबीचा) विषय तर हळहळ वाटावी इतक्या पटकन आटोपतात. माइट, झुरळ आणि सुंगटं यांच्यात ट्रोपोमायोसिन हे मिळतंजुळतं प्रथिन आहे. त्यामुळे माइटची ॲलर्जी असलेल्याला सुंगटांच्या अर्कावरही गांध येऊ शकते, आणि तोच माणूस घरी सुंगटांचं हुमण निवांत जेवत असतो. अशा पेशंटच्या ताटातून सुंगटं काढू नयेत. खाल्ल्यावर किती वेळात काय होतं, हे आधी विचारावं. इतिहास पक्का असून अर्क निगेटिव्ह आला, तर तेच लॅन्सेट आधी कच्च्या सुंगटात आणि मग त्वचेवर टोचून बघता येतं. तेही आणीबाणीची पूर्ण तयारी असेल तिथेच. काजूच्या टरफलाच्या तेलाने हातांना होणारा त्रास वेगळा. तिथे पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी चिकटवून करायची तपासणी) लागते, ४८ तासांनी आणि पुन्हा ७२ ते ९६ तासांनी वाचायची. काजूच्या गोव्यात यावर अवाक्षर नाही!

ॲनाफिलॅक्सिसचा (जीवघेण्या तीव्र ॲलर्जीच्या उपचाराचा) सराव नसणं ही अक्षम्य उणीव. ॲड्रेनलिन १ मिग्रॅ/मिली, प्रौढाला ०.५ मिली, मुलांना किलोमागे ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. फरक नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. पेशंट आडवा, पाय वर. ॲव्हिल (अँटिहिस्टामिन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) आधी भरत बसायचं नाही. हे स्लाइडवर वाचून हात चालत नाही, सिरिंज भरून घ्यायला हवी.

रूमॅटॉलॉजी (संधिवातासारखे आजार) रविवारी जेवणानंतर पाऊण तास. एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) १:८० निरोगी माणसांतही सर्रास सापडतो, हे सांगतात, ते बरं. चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने दुखणारे सांधे आणि संधिवात यांत फरक कसा करायचा, हे सांगत नाहीत. संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, चिठ्ठीवर वार लिहून, हे तर फळ्यावर मोठ्या अक्षरात हवं होतं; रोज घेतलं तर जीव जातो.

सर्टिफिकेट भिंतीवर लावा, पण पाटीवर ‘ॲलर्जी व संधिवात तज्ज्ञ’ लिहू नका. क्लिनिकल इम्युनॉलॉजी आणि रूमॅटॉलॉजीचं डीएम (सुपरस्पेशालिटी पदवी) हा एमडी मेडिसिन किंवा बालरोगानंतर नीट-एसएस किंवा आयएनआय-एसएससारखी प्रवेश परीक्षा देऊन करायचा तीन वर्षांचा अभ्यास आहे. वेल्लोर, लखनौ, पुद्दुचेरी, चंदीगडला तो चालतो. गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) एमडी होऊन तिकडे जायचा विचार असेल, तर या कोर्सचे पैसे वाचवलेले बरे.

दवाखान्यात बसणाऱ्या जीपीने मात्र जरूर जावं. फी भरण्याआधी आयोजकांकडून अर्कांची यादी आणि एक्स्पायरी मागवून घ्या, ब्लोमिया आहे का ते बघा, आणि घरून आइसबॉक्स न्या.