रजिस्ट्रीतल्या ‘गंभीर त्रुटी’ दाखवून पैसे उकळणारे प्रोग्राम

बाबांचा लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ लागत होता. ‘रजिस्ट्री मोफत साफ करा’ (रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही) अशी जाहिरात दिसली आणि त्यांनी तो प्रोग्राम टाकला. मिनिटभरात लाल अक्षरांत शेकडो ‘गंभीर त्रुटी’ समोर आल्या. तपासणी फुकट, दुरुस्तीला मात्र पैसे. त्यांनी कार्डाने भरले. लाल आकडा हिरवा झाला, लॅपटॉप होता तसाच रखडत राहिला.

ती यादी मी नीट वाचली. कधीच काढून टाकलेल्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरची उरलेली नोंद, अलीकडे उघडलेल्या फायलींची नावं, आता नसलेल्या एका फोल्डरचा पत्ता. झालं, याच त्या गंभीर त्रुटी! विंडोज हवी ती नोंद थेट गाठतं, अख्खी रजिस्ट्री वाचत बसत नाही. अशा चिल्लर नोंदी राहिल्या काय नि गेल्या काय, वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मग तोच प्रोग्राम नुकतंच नव्याने विंडोज टाकलेल्या कॉम्प्युटरवर चालवून बघितला. तिथेही शेकडो त्रुटी. कोऱ्या पाटीवर चुका काढणारा मास्तर!

रजिस्ट्री क्लीनर वापरू नका, चुकीची नोंद उडाली तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येऊ शकते, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. घाबरवून पैसे काढणारे प्रोग्राम १ मार्च २०१८ पासून त्यांचा डिफेंडर हा अँटीव्हायरस नको असलेलं सॉफ्टवेअर म्हणून पकडतो. हा तरीही निसटला.

खरा कहर स्टार्टअपमध्ये, म्हणजे लॅपटॉपसोबत आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्राममध्ये होता. टास्क मॅनेजरचा स्टार्टअप टॅब उघडला (विंडोज ८ पासून तो तिथे आहे, त्याआधी एमएसकॉन्फिग या विंडोजच्याच साधनात असायचा), तर सर्वाधिक भार टाकणाऱ्यांत हेच महाशय. डिसेबल केलं तरी रीस्टार्टनंतर खिडकी हजर, कारण टास्क शेड्यूलरमध्येही (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी विंडोजची सोय) लॉगऑन होताच चालणारं काम लावून ठेवलेलं. अनइन्स्टॉल केल्यावरही ते काम मागे उरलंच. मायक्रोसॉफ्टच्याच ऑटोरन्स या मोफत साधनात ते सापडलं. रन कीमधल्या (रजिस्ट्रीतल्या, आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामांच्या) नोंदी, पडद्यामागे चालणाऱ्या सर्व्हिसेस आणि शेड्यूल्ड टास्क त्यात एकत्र दिसतात. अनोळखी नोंद लगेच डिलीट करू नका, आधी नुसती टिक काढा. काही बिघडलं तर परत लावता येते. सोबत आपोआप सुरू होणारी दोन-तीन चॅट अ‍ॅप्सही बंद केली आणि लॅपटॉप हलका झाला. या सगळ्याला एक पैसा लागला नाही.

पुढे सदस्यत्वाची मुदत संपली, तेव्हा कार्डावरून न विचारता पुन्हा पैसे गेले. पैसे भरायच्या पानावर तळाशी, बारीक अक्षरांत, आपोआप नूतनीकरणाची टिक आधीच केलेली होती. ईमेलला उत्तर नाही. शेवटी बँकेकडे तक्रार करून ते कार्डच बंद केलं.

त्यानंतर फोन आला, ‘रिफंड देतो, फक्त हे रिमोट अ‍ॅप टाका आणि नेटबँकिंग उघडा.’ पैसे परत करायला कुणालाही आपल्या स्क्रीनचा ताबा लागत नाही. बाबांनी फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला.