हेलियमच्या प्रमाणपत्रातला न मोजलेला नायट्रोजन

नाशिकमध्ये द्राक्षाच्या निर्यातीचा हंगाम ऐन भरात होता आणि कीटकनाशकांच्या अवशेषांच्या तपासणीसाठी नमुन्यांची रीघ लागली होती, तेव्हा आमच्या जीसी-एमएसवर (हेलियमच्या प्रवाहात नमुन्यातले घटक वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) पाणी, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे, म्हणजे १८, २८ आणि ३२ या वस्तुमानांचे संकेत एकाएकी वाढले. प्रत्येक जोडावर बाहेरून आर्गॉन वायू फवारला आणि त्याच्या ४० या वस्तुमानाचा संकेत वाढतो का ते पाहिले. गळती कुठेच नव्हती. जुना सिलिंडर पुन्हा जोडताच संकेत खाली आले, आणि संशय नव्या हेलियमवर गेला.

आम्ही ९९.९९९ टक्के शुद्धतेचे पैसे मोजले होते, म्हणजे सर्व अशुद्धी मिळून १० पीपीएमच्या (दशलक्षात १० भागांच्या) आत असायला हव्या होत्या. मागील चार सिलिंडरांची प्रमाणपत्रे शेजारी ठेवली, तर बॅच क्रमांक आणि तारीख सोडून सर्व आकडे दशांशापर्यंत तेच होते. ऑक्सिजन १ पीपीएमपेक्षा कमी असल्याचे लिहिले होते आणि पद्धत म्हणून टीसीडी, म्हणजे वायूंच्या उष्णतावाहकतेवरून मोजणी, जिला साध्या मांडणीत इतके कमी प्रमाण दिसतच नाही. नायट्रोजनचा रकाना तर कोराच होता. शंभरातून मोजलेल्या अशुद्धी वजा करून शुद्धता काढलेली असल्यामुळे, जे मोजलेच नाही ते वजाही झाले नव्हते.

आमची पहिली बाहेरची चाचणी पुरवठादाराने फेटाळली, कारण नमुना नायलॉनच्या नळीतून घेतला होता आणि तिच्यातून हवा व ओलावा झिरपतात. त्याचा हा आक्षेप रास्त होता. दुसऱ्या वेळी त्याच्या माणसासमोर स्टीलची नळी वापरली, रेग्युलेटर दहा वेळा दाब भरून रिकामा केला आणि अतिसूक्ष्म प्रमाणही दिसणाऱ्या हेलियम आयनीभवन डिटेक्टरवर मोजणी झाली: नायट्रोजन ५२, ऑक्सिजन १४ पीपीएम. प्रवाह दुप्पट करूनही आकडे तेच राहिले. जोडणीत गळती असती तर ते निम्म्यावर यायला हवे होते. हे गुणोत्तर जवळपास हवेचे आहे, त्यामुळे सिलिंडर भरण्यापूर्वी नीट निर्वात केला नव्हता, असे माझे मत झाले. तेवढा निष्काळजीपणा मी एकवेळ समजून घेतला असता. न केलेल्या मोजणीचे आकडे छापून विकणे ही मात्र उघड फसवणूक आहे.

पुरवठादाराने सिलिंडर परत नेले, पैसे अजून दिलेले नाहीत. ऑक्सिजनने खराब झालेला कॉलम (यंत्रातली घटक वेगळे करणारी नळी) आम्हाला बदलावा लागला आणि शेतकऱ्यांचे अहवाल चार दिवस रखडले, याचे मला अधिक वाईट वाटते. आता खरेदी-आदेशातच आम्ही त्या बॅचचा क्रोमॅटोग्राम (मोजणीचा मूळ आलेख), नायट्रोजनचा आकडा, प्रत्येक घटकाची शोधमर्यादा (दिसू शकणारे किमान प्रमाण) आणि ओलाव्यासाठी दवबिंदू मागतो. वातावरणीय दाबाला उणे ७६ अंश सेल्सिअस दवबिंदू म्हणजे साधारण १ पीपीएम ओलावा. हे द्यायला नकार देणाऱ्याचा सिलिंडर आम्ही उतरवून घेत नाही.