एकट्याचा प्रोग बँड: ड्रम्स लिहायचे, वाजवायचे की वाजवून घ्यायचे?

गिटार स्वतःची असते, बेस मित्राकडून उचलून आणता येतो, कीबोर्डचे हवे तेवढे आवाज लॅपटॉपमध्ये मावतात. घरात बसून एकट्याने प्रोग्रेसिव्ह रॉक (प्रोग, म्हणजे लांब, ताल बदलत जाणाऱ्या गाण्यांचा रॉक) करायला घेतलं की घोडं पेंड खातं ते ड्रम्सपाशी. प्रोगमध्ये ड्रम्स म्हणजे नुसता ठेका धरणं नव्हे. गाणं ७/८ मधून ५/४ मध्ये, म्हणजे सात मात्रांच्या बारमधून (आवर्तनातून) पाच मात्रांच्या बारमध्ये उडी मारतं तेव्हा ऐकणाऱ्याला सावरून पलीकडे नेणारा ड्रमरच असतो.

मार्ग तीन. मिडीत, म्हणजे कुठला ठोका कधी आणि किती जोरात पडावा हे सांगणाऱ्या कॉम्प्युटरच्या नोंदींत, माऊसने ड्रम्स लिहा, इलेक्ट्रॉनिक किट (ई-किट) घेऊन स्वतः वाजवा, किंवा दुसऱ्या गावातल्या ड्रमरला पैसे देऊन त्याच्याकडून वाजवून घ्या. पहिलाच अल्बम करणारा, एक खोली आणि एक साधा इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) असलेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण किट विकत घेताना ती हमखास विसरली जाते. लिहिलेले ड्रम्स आणि ई-किटवर वाजवलेले ड्रम्स यांचा आवाज एकच असू शकतो. ई-किटमधून यूएसबीने मिडी बाहेर पडतं आणि ते त्याच प्लगइनला, म्हणजे ड्रम्सचे आवाज देणाऱ्या सॉफ्टवेअरला, जातं. सुपीरिअर ड्रमर ३ घेतलात तर २३० जीबीहून जास्त सॅम्पल्स (खऱ्या ड्रम्सचे रेकॉर्ड केलेले ठोके) दोन्हीकडे तीच. फुकटातलं एमटी पॉवर ड्रमकिट घेतलंत तरी तेच. म्हणजे पहिल्या दोन मार्गांत फरक आहे तो हातांचा. आवाजच वेगळा हवा असेल, खोलीचा घुमारा आणि खऱ्या झांजांची सळसळ हवी असेल, तर तिसरा मार्ग.

लिहिलेले ड्रम्स

यांना 'खोटे' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी दोन उदाहरणं ऐकावीत. स्वीडनच्या मेशुगाने २००५ चा 'कॅच थर्टीथ्री' ड्रम्स प्रोग्रॅम करून केला, आणि तेही टोमास हाकेसारखा ड्रमर बँडात असताना. २००७ मध्ये कॅनडाच्या डेव्हिन टाउनसेंडने 'झिल्टॉइड द ऑम्निशियंट' एकट्याने केला. ड्रम्स 'ड्रमकिट फ्रॉम हेल' या सॅम्पल लायब्ररीतून लिहिलेले. दोन्ही ठिकाणी संगीत घट्ट, कापल्यासारखं काटेकोर आहे, म्हणून ते चालून जातं. तुमचा प्रोग त्या वळणाचा असेल तर पुढचं वाचण्याआधीच तुमचा निम्मा निर्णय झालाय.

लिहिलेले ड्रम्स कृत्रिम वाटतात याचं कारण बहुतेक वेळा सॅम्पल नसतं, लिहिणारा गिटारिस्ट असतो. ७/८ चा एक बार घ्या, २-२-३ असा. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, स्नेअर (कडक आवाजाचा मधला ड्रम) तिसऱ्या आणि सातव्यावर, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सातही मात्रांवर. सगळ्यांची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) ११० ठेवलीत तर शिवणयंत्र ऐकू येईल. आता हाय-हॅटच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या ठोक्याला ९५ द्या, मधल्यांना ६० ते ७० च्या दरम्यान, एकसारखे आकडे न देता. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये स्नेअरवर एक घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारा ठोका) टाका, व्हेलॉसिटी ३०. मुख्य स्नेअर आठ-दहा मिलिसेकंद मागे ओढा. चौथ्या बारला शेवटची किक थोडी आधी आणा. आवाज तोच, पण आता खुर्चीवर कोणीतरी बसलंय.

मग हात मोजा. क्रॅश (जोर द्यायला वाजवायची मोठी झांज) वाजला त्या क्षणी उजवा हात हाय-हॅटवर नाही, तिथली हॅट पुसा. टॉम्सवरून (किटमधल्या लहानमोठ्या ड्रम्सवरून) फिल, म्हणजे दोन भाग जोडणारा छोटा तुकडा, फिरतोय तेव्हा दोन्ही हात गुंतलेले आहेत. हॅट ऐकवायचीच असेल तर ती फक्त पायाने. आपल्याकडे तबला थोडाफार शिकलेल्यांना हे पटकन कळतं. रूपकाच्या सात मात्रा ३-२-२ अशा हातावर मोजणाऱ्याला विषम बारचं वजन कुठे पडतं ते शिकवावं लागत नाही. उरतो तो फक्त पायांचा हिशोब.

खर्च कमीत कमी. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं आणि व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. पण वेळ मात्र भरपूर जातो. दहा मिनिटांच्या गाण्याचे ड्रम्स नीट लिहायला कित्येक संध्याकाळी जातात, आणि ते काम कंटाळवाणं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

या मार्गाचा खरा फायदा वेगळाच आहे. एकट्याच्या प्रोगमध्ये गाण्याची बांधणी शेवटपर्यंत बदलत असते. मधला भाग आठ बारने वाढला, सोलोनंतरचा टेम्पो दोनने चढला, तर मिडी क्षणात सरकतं. वाजवून घेतलेला टेक असा सरकत नाही.

ई-किट

ई-किट फक्त त्यानेच घ्यावं ज्याला ड्रम्स शिकायचेच आहेत. अल्बम लवकर व्हावा म्हणून घेत असाल तर पैसे परत खिशात ठेवा. हातापायांचं स्वातंत्र्य यायला महिने जातात, ७/८ मध्ये तर जास्तच. तोवर तुम्ही वाजवलेलं मिडी दुरुस्त करत बसाल. ते करायचंच, तर माऊसने लिहिण्यात काय वाईट होतं?

शिवाय फ्लॅट. मेश (जाळीच्या) पॅडवर काठी पडल्याचा आवाज किरकोळ असतो, तो शेजारी ऐकत नाहीत. त्रास किकच्या पेडलचा. बीटरचा दणका स्टँडमधून थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या मजल्यावर कोणी पलंग ओढतंय असं वाटतं. रबरी मॅटने तो फारसा थांबत नाही. दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये अर्धे कापलेले टेनिस बॉल बसवून केलेला चौथरा बराच उपयोगी पडतो, आणि तो घरी करता येतो. तरी दुपारच्या झोपेच्या वेळी वाजवू नका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रोगची बाजू घ्यायला कोणी उठणार नाही.

प्लगइनमधून ऐकत वाजवायचं तर बफर (लॅपटॉप आवाज सोडण्याआधी जेवढा साठवून ठेवतो तो) खाली आणावा लागतो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल्सचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि त्यावर किटचा व इंटरफेसचा उशीर वेगळा. हाताला अडखळल्यासारखं झालं तर वाजवताना मोड्यूलचा (किटबरोबरच्या डब्याचा) स्वतःचा आवाज ऐका, मिडी रेकॉर्ड करा आणि प्लगइन नंतर लावा.

ज्याला थोडंफार वाजवता येतं त्याच्यासाठी मात्र ई-किट सोन्यासारखं आहे. माऊसने कधीच सुचले नसते असे फिल्स हाताला सुचतात.

दूरचा ड्रमर

स्टीव्हन विल्सनने इंग्लंडमध्ये पॉर्क्युपाइन ट्री सुरू केला तेव्हा तो बँड नव्हताच, घरात एकट्याने रेकॉर्ड करणारा माणूस होता. १९९३ च्या 'अप द डाउनस्टेअर'वर ड्रम मशीन आहे. २००५ मध्ये तो अल्बम पुन्हा काढताना गॅव्हिन हॅरिसनने खरे ड्रम्स वाजवले. निर्णय घेणाऱ्याने यातून एक गोष्ट उचलावी: यंत्राच्या स्थिर ठेक्यावर केलेल्या संगीतात माणूस नंतरही येऊ शकतो. क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या टिकटिकीशिवाय), अंदाजाने वाजवलेल्या गिटारवर ड्रम्स चढवणं ही मात्र ड्रमरला शिक्षा. म्हणून कुठलाही मार्ग धरा, पहिली गिटार क्लिकवर वाजवा आणि टेम्पो मॅप (कुठल्या बारला किती वेग, त्याची नोंद) जपून ठेवा.

ड्रमरला पाठवायचं ते हे: ड्रम्सशिवायचा मिक्स, तुमचे लिहिलेले ड्रम्स वेगळ्या फाइलमध्ये, क्लिक, टेम्पो मॅपची मिडी फाइल आणि बार नंबर घातलेला कागद. सगळ्या फाइल्स एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या, २४-बिट वेव्ह. 'तुला हवं तसं वाजव' असं लिहू नका. कुठले आठ बार जसेच्या तसे हवेत आणि कुठे मोकळीक आहे, ते सांगा.

सौदा गाण्यामागे असेल तर लांबी आधीच बोला. १८ मिनिटांचं गाणं कुठलाही ड्रमर एक गाणं धरणार नाही. किती वेळा बदल करून मिळेल, श्रेय कसं छापायचं, हक्क कोणाचे, हेही लेखी घ्या.

परत येतात दहा-पंधरा ट्रॅक: किक, स्नेअर वरून आणि खालून, टॉम्स, ओव्हरहेड (किटच्या वरचे माइक), रूम (खोलीचा घुमारा टिपणारे माइक). इथे नवख्याची दमछाक होते. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे मीटरभर वरच्या ओव्हरहेडमध्ये स्नेअर सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो. फेज (वेगवेगळ्या माइकमधल्या ध्वनिलहरींचा मेळ) बिघडली तर किमती किटवरचा स्नेअरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. म्हणून कच्च्या ट्रॅकबरोबर ड्रमरचा स्वतःचा स्टिरिओ मिक्सही मागून घ्या. पहिल्या अल्बमला तोच वापरलात तरी काही बिघडत नाही.

ब्रश (काठीऐवजी तारांचा झुपका), जॅझच्या अंगाने जाणारी राइड (ठेका धरायची मोठी झांज), हळूहळू चढत जाणारा झांजांचा रोल, हे तुमच्या गाण्यात मध्यवर्ती असेल तर मी पैसे इथेच घालीन. सॅम्पल्स सगळ्यात आधी उघडी पडतात ती याच जागी.

माझा कौल

पूर्ण अल्बम आधी लिहून काढा. मग एकट्याने ऐकताना ज्या एक-दोन गाण्यांत ड्रम्स खटकतात, तेवढीच ड्रमरकडे द्या. एकट्याचा बँड हे नाव त्याने बाटत नाही. माइक ओल्डफील्डने १९७३ च्या 'ट्युब्युलर बेल्स'वर जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवली, तरी ड्रम्सच्या भागासाठी स्टीव्ह ब्रॉटनला बोलावलंच.

तेवढेही पैसे नसतील तर एक मधला मार्ग उरतो. किक, स्नेअर, टॉम्स लिहिलेलेच ठेवा. जॅमरूम दोन तासांसाठी भाड्याने घ्या, ओळखीच्या ड्रमरला हेडफोन द्या आणि फक्त हाय-हॅट, राइड आणि क्रॅश दोन माइकवर रेकॉर्ड करा. लिहिलेल्या झांजा नंतर म्यूट करायला विसरू नका.