जीनोमिक्सच्या एथिक्सचं पोस्टडॉक ट्रेनिंग: करा, पण संमतीचा भाग कच्चा आहे

पीएचडी झाली, आता पुढं काय, असं विचारणारे आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे लाइफ सायन्सवाले बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. जेनेटिक्स आणि जीनोमिक्समधल्या एथिक्सचं (म्हणजे लोकांचे जीन तपासताना काय योग्य, काय अयोग्य याचं) पोस्टडॉक लेव्हलचं ऑनलाइन ट्रेनिंग नुकतंच पूर्ण केलं, संस्थेचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रार पण आहे.

शिकवणारे जबरदस्त. डॉक्टर, वकील, समाजशास्त्रवाले सगळे एकाच केसवर तासभर भांडतात आणि त्यातूनच डोकं उघडतं. हवासुपाईची केस तर प्रत्येकाने ऐकावी, ॲरिझोनातल्या या आदिवासींनी १९९० पासून डायबेटिसच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं, आणि युनिव्हर्सिटीत तेच रक्त स्किझोफ्रेनिया आणि पूर्वज कुठून आले असल्या कामांना वापरलं गेलं, लोक कोर्टात गेले, २०१० ला ७ लाख डॉलर भरपाई आणि उरलेले सॅम्पल परत यावर तडजोड झाली. ऐकताना मला सारखं आपलं आदिवासी धडगाव-अक्कलकुवा दिसत होतं. आपल्याकडं १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) मिशन सुरू झालं, ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आहे, त्यात आपले भिल्ल-पावरा लोक आलेच.

सगळ्यात भारी सेशन सिकलसेलवरचंच होतं. समजा मूल वाहक निघालं, म्हणजे आजार नाही पण त्याचा जीन अंगात आहे, आणि तो सहसा आईकडून नाहीतर बापाकडून येतो, पण आईबाप दोघांचे रिपोर्ट नॉर्मल, मग? आधी सॅम्पलची अदलाबदल झाली का ते बघायचं, परत तपासायचं, आणि तरीही तेच आलं तर कोणाला काय सांगायचं? एका वाक्यात त्या बाईचा संसार मोडू शकतो. म्हणून काय सांगणार आणि काय नाही हे रक्त घ्यायच्या आधीच ठरलेलं पाहिजे, रिपोर्ट हातात आल्यावर नाही. तसंच लग्नाच्या मुलीचा रिपोर्ट पाड्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवणं, हे पण नीट घेतलं त्यांनी.

आता तक्रार. संमती कशी घ्यायची याचा सगळा सराव इंग्रजीत, समोर बसणारा पण शिकलेलाच. अरे पण पाड्यावर पावरी बोलतात, तिथं आपली मराठीसुद्धा परकी पडते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की माहिती त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार पाहिजे, आणि यावर फक्त एक स्लाइड! मी विचारलं तर म्हणे लोकल टीम भाषांतर करून घेईल. म्हणजे कोण, आशाताईच ना? उरलेलं रक्त कुठं ठेवणार, किती वर्षं, नंतर नको म्हटलं तर काढून टाकाल का, हे लोक तिलाच विचारतात, आणि तिला ते कोणी शिकवलेलंच नसतं. माझ्या मते ट्रेनिंगचा निम्मा वेळ इथं जायला पाहिजे होता.

बाकी रेकॉर्डिंग मिळतात हे बरंय, कारण लाइव्ह क्लास रात्री आणि आपल्याकडं लाइट तेव्हाच जाते. वाचायला भरपूर आहे, नोकरी सांभाळून जड जातं.

फील्डवर काम करणार असाल तर नक्की करा, फक्त त्याआधी थोडे दिवस एखाद्या आशाताईसोबत पाड्यांवर फिरून घ्या म्हणजे क्लासमध्ये नेमकं काय विचारायचं ते कळेल. पुढच्या बॅचला रोलप्लेमध्ये पावरी, भिली, अहिराणी बोलणारी माणसं बसवली तर पाचपैकी पाच देईन, सध्या साडेतीन.