कॉम्प्रेस्ड एअरचं लीकेज ऑडिट: पैसे वसूल होतात का?

भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंग आणि असेंब्लीचं युनिट आहे, मशीनना दाबाची हवा (कॉम्प्रेस्ड एअर) पुरवणारे स्क्रू कॉम्प्रेसर दोन, एक ७५ किलोवॅटचा आणि एक ३७चा. मध्यंतरी एका एजन्सीकडून एअर लीकेजचं ऑडिट, म्हणजे लाइनमधून हवा कुठे आणि किती गळते याची तपासणी, करून घेतलं. एजन्सीचं नाव टाकत नाही, पण ही सर्व्हिस देणारे आता बरेच झालेत आणि मेंटेनन्सवाले ओळखीचे सारखे विचारतात की घ्यायची का, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. घ्या. माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार, पाचवा का नाही ते पुढे येईलच.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे टीम गुरुवारी आली. आपल्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, मशीन सगळी बंद, मग लाइनवर फक्त मोठा कॉम्प्रेसर चालू ठेवला. हवा कुणी वापरतच नाहीये तरी कॉम्प्रेसर लोड घेतोय (म्हणजे हवा भरतोय; अनलोड म्हणजे मोटर फिरते पण हवा भरत नाही), म्हणजे जी हवा चाललीय ती सगळी गळतीत. त्यांनी स्टॉपवॉच लावून लोड किती वेळ, अनलोड किती वेळ हे पाच-सहा सायकल लिहून काढलं. समजा लोड दीड मिनिट आणि अनलोड साडेतीन मिनिटं, तर दीड भागिले पाच (एकूण सायकल), म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या ३० टक्के लीकेज. एवढं साधं आहे, कुठलंही मशीन लागत नाही, तुमचा फिटर पण करू शकतो आणि एजन्सीला बोलवायच्या आधी खरं तर हे करूनच बघा. जुन्या, दुर्लक्षित लाइनला २० ते ३० टक्के निघणं अगदी कॉमन आहे, बीईईच्या (केंद्र सरकारचा ऊर्जा बचतीचा विभाग) एनर्जी ऑडिटरच्या अभ्यासातही हाच आकडा शिकवतात.

मग आला अल्ट्रासोनिक कॅमेरा, आवाज कुठून येतोय ते स्क्रीनवर दाखवणारा. लीकेजमधून हवा सुटते तेव्हा साधारण ४० किलोहर्ट्झच्या आसपास आवाज होतो, आपल्या कानाला २०च्या वरचं ऐकू येत नाही आणि मशीनचा गोंगाट बहुतेक त्याच्या खालचाच असतो, त्यामुळे शॉपमध्ये सगळं चालू असताना सुद्धा हा कॅमेरा स्क्रीनवर नेमका ठिपका दाखवतो. वर छताजवळच्या हेडरला (हवेचा मुख्य पाइप) शिडी न लावता खालूनच चेक झालं, हे फार आवडलं. फक्त पत्र्यावर आवाज आदळून परत येतो आणि भलतीकडेच ठिपका दिसतो, तिथे माणूस अनुभवी लागतो, आमच्याकडे आलेला मुलगा जागा बदलून बदलून खात्री करत होता. मोठ्या पाइपला फार काही निघालं नाही. निघालं ते सगळं शेवटच्या दोन मीटरमध्ये, क्विक कपलर (पटकन जोडायचे-काढायचे जोड), एफआरएलचे (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) बाऊल, तिरक्या कापलेल्या पीयू ट्यूब (हवेच्या प्लास्टिक नळ्या), सिलिंडरचे सील, आणि रिसीव्हरचा (हवेची टाकी) पाणी काढायचा ड्रेन व्हॉल्व्ह जो कुणीतरी थोडा उघडाच ठेवला होता. प्रत्येक ठिकाणी नंबरचा टॅग बांधला आणि फोटो काढला.

ज्यांना वाटतं की एवढ्याशा भोकाने काय होतंय त्यांच्यासाठी, ७ बारला ३ मिमीचं भोक म्हणजे साधारण ३ किलोवॅट वाया. वर्षाला ८००० तास धरले तर २४,००० युनिट, ८-९ रुपयाने दोन लाखांच्या आसपास. एका भोकाचे!

आता पाचव्या स्टारचं. रिपोर्टमध्ये बचतीचा आकडा काढताना त्यांनी गळती बंद झाली म्हणजे तेवढी वीज सरळ वाचली असं धरलं होतं, आणि ते बरोबर नाही. लोड-अनलोडवाला कॉम्प्रेसर अनलोडला पण फुल लोडच्या २५ ते ४० टक्के पॉवर खातो. गळती कमी झाली की तो फक्त जास्त वेळ अनलोड राहतो, वर अनलोडला पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरंच कामाला लागते ते प्रमाण) पडतो आणि एचटीवाल्यांना (हाय टेन्शन कनेक्शनवाले) महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून केव्हीएएच बिलिंग आहे, ज्यात पॉवर फॅक्टर पडला की बिल वाढतं, म्हणजे तिथेही मार. खरी बचत आम्हाला कधी दिसली, तर दुरुस्तीनंतर ३७चा कॉम्प्रेसर पूर्ण बंद करता आला आणि मोठ्याचं सेटिंग साडेसातवरून साडेसहा बारला आणलं तेव्हा. एक बार कमी केला की पॉवर ६-७ टक्क्यांनी उतरते, शिवाय प्रेशर कमी म्हणजे जी गळती राहिलीय ती पण कमी. हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर हवं होतं, आम्ही विचारल्यावर सांगितलं.

दुरुस्तीचं काम मात्र एक नंबर. बरीचशी लीकेज त्याच दिवशी काढली, मजुरी पॅकेजमध्ये, फिटिंग आणि ट्यूब आमच्या स्टोअरमधून, आणि संध्याकाळी तीच स्टॉपवॉचची टेस्ट परत घेऊन दाखवली. नुसता रिपोर्ट देऊन जाणारे पण असतात, थोडे स्वस्त पडतात, पण टॅग तसेच लटकत राहतात कारण प्रॉडक्शनवाले नंतर मशीन सोडत नाहीत. कोटेशन मागताना दुरुस्ती आणि नंतरचं मोजमाप दोन्ही लिहून घ्या. आणि लीकेज परत होतंच, व्हायब्रेशन आहे, कपलर रोज काढघाल होतो, म्हणून आम्ही दर तीन महिन्यांनी गुरुवारची टेस्ट आता मेंटेनन्सच्या चेकलिस्टमध्येच टाकलीय, एजन्सीला वर्षातून एकदाच बोलवणार.