लिलावाचं अ‍ॅप: घड्याळं चिक्कार, गिऱ्हाईक तेवढंच

बेळगावात खडे बाजाराच्या एका बोळात माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं तेव्हापासून जुन्या घड्याळांना शौकीन भेटतात, पण ते गावात नाहीत. म्हणून दोन वर्षं एका लिलावाच्या अ‍ॅपवर विकतोय. नाव लिहीत नाही.

पहिलं वर्ष झकास गेलं. एचएमटीचं ‘जनता’ घड्याळ लावलं की तिघं-चौघं हटकून बोली लावायचे. शेवटच्या दोन मिनिटांत दोघं इरेला पेटले की माझा चहा निवायचा. मग दिवाळीत अ‍ॅपवाल्यांनी विकणाऱ्यांची फी माफ केली. आठवड्यात जिकडे-तिकडे जनताच! गिऱ्हाईक मात्र तेच. मार्केट यार्डात बटाट्याच्या गाड्या वाढल्या नि व्यापारी तेवढेच राहिले तर काय होतं, हे बेळगावकराला सांगायला नको. एक हातचं गेलं तर शेजारी दुसरं आहेच, मग भांडेल कोण?

माझं एचएमटीचंच ‘कोहिनूर’ १ रुपयापासून लावलं होतं. ४१ जण नुसते बघत बसले, बोली दोघांचीच. ३१० ला गेलं. काच, पट्टा नि स्प्रिंग मिळूनच मला ३५० पडलेले! सात दिवसांनी बरोबर लावलेल्या वेळेलाच लिलाव संपतो, आणि मी लावलं होतं मंगळवारी दुपारी अडीचला, दुकान रिकामं असतं म्हणून. ही चूक माझीच.

उलट काळ्या डायलचं एक बंद ‘पायलट’, बॅलन्स स्टाफ (आतल्या डुलणाऱ्या चाकाचा बारीक आस) मोडलेला, तसं स्पष्ट लिहून लावलं. १,१५० आले. डायल दोघांना हवी होती, एवढंच. भाव जिंकणारा ठरवत नाही, त्याच्या मागचा बोलीवाला ठरवतो. १९९५ मध्ये ‘ईबे’ ही लिलावाची वेबसाइट काढणाऱ्या ओमिड्यारनं मोडका लेझर पॉइंटर १४.८३ डॉलरला विकला होता, त्याचं मला पूर्वी हसू यायचं, आता येत नाही.

भाव पडल्यावर चांगला माल विकणारे सटकले, मागं राहिली डायल नव्यानं रंगवून खपवलेली घड्याळं. एकदा फसलेलं गिऱ्हाईक परत फिरकत नाही. अ‍ॅपवाले अजून नवे विक्रेतेच गोळा करतायत. पैसे मात्र तिसऱ्या दिवशी खात्यात येतात, ते खरं. पाचातले अडीच स्टार.

ड्रॉवरमध्ये दोन पायलट आहेत. एक रविवारी रात्री नऊला लावणार. ते गेल्यावरच दुसरं.