मालवणचा डाइव्ह की चार दिवसांचा कोर्स?

"पोहता येत नसलं तरी चालतं," असं मालवणला स्कूबा डाइव्हबद्दल, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याबद्दल, सांगतात आणि ते खरंच आहे. किल्ल्याजवळ बोट थांबते, शिडीवरून पाण्यात उतरवतात, तोंडाने श्वास घ्यायची थोडी सवय करून घेतात आणि प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून तुम्हाला खाली नेतो. कान दुखायच्या आधी नाक दाबून हवा फुंकायची, बाकी काम त्याचं. मासे दिसतात, व्हिडिओ मिळतो.

भीती मात्र जागच्या जागी राहते. मला खाली त्याने "ठीक?" असं खुणेने विचारलं, मी सवयीने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ "वर चला". त्याने इमानदारीत वर नेलं! (ठीक म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.) दुसऱ्यांदा उतरलो तर मास्कमध्ये पाणी. मिशीमुळे मास्क गळतो, हे नंतर कळलं. तेही त्यानेच निस्तरलं. मी म्हणजे नुसतं सामान होतो.

ओपन वॉटर कोर्समध्ये, म्हणजे स्कूबा शिकायच्या पहिल्या कोर्समध्ये, हे सगळं तुम्हाला करावं लागतं. थिअरी, पूल आणि मग समुद्रात चार डाइव्ह. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं आलंच पाहिजे. पूलमध्ये मास्क पूर्ण काढायला लावतात. परत घालायचा, वरची कड कपाळाशी दाबायची, नाकाने श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जातं. पहिल्यांदा नाकात पाणी गेलं आणि मी सरळ उभा राहिलो. उभं राहता येतं, हीच तर पूलची किंमत. चौथ्या वेळी मास्क निवांत साफ झाला. माझी भीती गेली ती तिथे, कंबरभर पाण्यात. श्वास कधीच रोखायचा नाही, हेही तिथेच अंगात मुरतं: १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, वर येताना फुप्फुसातली हवा फुगते.

कोर्स कुठे करायचा? तारकर्लीत एमटीडीसीच्या संस्थेत सरावाचा पूल आहे, प्रवासही सोपा. पण पावसाळ्यात समुद्र बंद आणि एरवीही पाणी बऱ्याचदा गढूळ. अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, तळ स्वच्छ दिसतो, घाबरणाऱ्याला त्याचा फार आधार वाटतो. खर्च अर्थात जास्त, शिवाय शेवटच्या डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास सोडायचे. माझं मत: थिअरी आणि पूल पुण्या-मुंबईत उरकायचं, चार डाइव्ह अंदमानात.

नुसता समुद्र बघायचाय? मालवण उत्तम, कोर्सच्या भानगडीत पडू नका. पोहता येत नसेल आणि कोर्स हवा असेल, तर आधी दोन महिने जवळचा पोहण्याचा तलाव गाठा. दमा, हृदयाचा किंवा कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर लपवू नका, डॉक्टरांची सही घ्या.

बुकिंग करताना फोनवर एवढं विचारा: "पूलमध्ये अडलो तर आणखी एक दिवस द्याल का?" समोरचा चाचरला, तर दुसरीकडे फोन लावा.